पहिल्यांदा ग्रीसला जाताना: महिना ठरवण्यापासून बोट पकडण्यापर्यंत

ग्रीसचं नाव काढलं की डोळ्यांसमोर दोन चित्रं येतात. एक टेकडीवरच्या पार्थेनॉन मंदिराचं, दुसरं सांतोरिनीच्या निळ्या घुमटांचं. दोन्ही पाहावीतच. पण या दोन चित्रांच्या मध्ये जवळजवळ अडीच हजार वर्षं आहेत, आणि सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांना जागाच नसते. रोमन आले, ख्रिस्ती साम्राज्य आलं, तुर्की सुलतान आले, निर्वासितांचे लोंढे आले, दुष्काळ आला, यादवी झाली. आज अथेन्समध्ये जो माणूस तुमच्यापुढे कॉफी ठेवतो, तो या मधल्या काळातून घडलेला आहे. तो काळ थोडा ठाऊक असला की देश पटकन उलगडतो. म्हणून या लेखात तिकीट-व्हिसाच्या जोडीला इतिहासही आहे, आणि जेवणावर जरा जास्तच लिहिलं आहे.

१. आधी महिना, मग बेटं

आपल्या शाळांच्या सुट्ट्या एप्रिल-मे आणि दिवाळीत. ग्रीससाठी मे महिना उत्तम. डोंगर हिरवे असतात, रानफुलं असतात, ऊन सोसवतं. समुद्राचं पाणी मात्र अजून गार असतं, त्यामुळे पोहायचंच असेल तर सप्टेंबर निवडा. दिवाळीचं गणित थोडं नाजूक आहे. ती ऑक्टोबरच्या मध्यावर आली तर ठीक, नोव्हेंबरात आली तर छोट्या बेटांचा नाद सोडा. तिथली बरीच हॉटेलं तोवर बंद होतात, बोटीही कमी होतात. अथेन्स, डेल्फी, नाफ्प्लिओ हा मुख्य भूमीवरचा प्रवास तेव्हाही छान होतो.

जुलै-ऑगस्ट शक्यतो टाळा. पारा ४० अंशांपर्यंत चढतो आणि उष्णतेची लाट आली की पार्थेनॉनची टेकडी म्हणजेच अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी काही तास बंद ठेवतात. त्यातून १५ ऑगस्ट हा मरियमच्या महानिर्वाणाचा सण. त्या आठवड्यात अख्खं अथेन्स आपापल्या गावी आणि बेटांवर जातं. गणपतीत कोकणात जाणाऱ्यांना ही गर्दी वेगळी समजावून सांगायला नको.

एक अपवाद मुद्दाम सांगतो. जमलं तर ईस्टर गाठा. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचा ईस्टर पाश्चात्त्य ईस्टरच्याच दिवशी येईल असं नसतं, २०२७ मध्ये तो २ मे रोजी आहे. शुक्रवारी रात्री ख्रिस्ताची फुलांनी मढवलेली प्रतीकात्मक शवपेटी गावातून मिरवतात. शनिवारी मध्यरात्री चर्चमधले दिवे मालवले जातात, पुरोहित एकच ज्योत घेऊन बाहेर येतो आणि हातातून हातात मेणबत्त्या पेटत जातात. लोक ती ज्योत जपून घरी नेतात आणि काजळीने दाराच्या चौकटीवर क्रूस काढतात. मग लाल रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटायची, ज्याचं फुटणार नाही त्याचं वर्ष चांगलं जाणार. कॉर्फू बेटावर तर शनिवारी सकाळी लोक गच्च्यांतून आणि खिडक्यांतून पाण्याने भरलेली मातीची मडकी रस्त्यावर फोडतात. या दिवसांत दुकानं आणि पुरातत्त्वस्थळं बंद असू शकतात, राहण्याच्या जागा महिनोन्‌महिने आधी भरतात. तेवढी तयारी ठेवून जा.

२. नकाशा आवरता घ्या

नवख्यांचा सगळ्यात मोठा मोह म्हणजे आठ दिवसांत पाच बेटं. नकाशावर ती शेजारी-शेजारी दिसतात, पण बेटांचे गट वेगवेगळे आहेत आणि एका गटातून दुसऱ्या गटात सरळ बोट क्वचितच असते. सांतोरिनी, मिकोनोस, नाक्सोस, पारोस हा सायक्लेड्सचा गट एजियन समुद्राच्या मध्यभागी आहे. कॉर्फू आणि झाकिंथोस पश्चिमेला, इटलीच्या बाजूला. ऱ्होड्स थेट तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ. एजिना आणि इद्रा अथेन्सच्या हाकेच्या अंतरावर. एका फेरीत एकच गट हा नियम पाळलात तर अर्धा त्रास वाचतो.

आठ-नऊ रात्री असतील तर माझी पसंती अशी: अथेन्समध्ये तीन किंवा चार, नाक्सोसला तीन, सांतोरिनीला दोन आणि तिथून विमानाने अथेन्सला परत. आईवडील बरोबर असतील आणि बोटीचा त्रास होत असेल तर बेटं वगळून अथेन्स, नाफ्प्लिओ, ऑलिम्पिया, डेल्फी, मेतेओरा असा गाडीने वळसा घाला. ती सहल कुठल्याही अर्थाने कमी प्रतीची नाही. गाडी स्वतः चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना इथूनच काढून न्या, आणि तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात हे पहिल्या चौकाच्या आधी आठवा.

क्रीट हा स्वतंत्र विषय आहे. पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांबीचं ते बेट आहे. क्नोसोसचा राजवाडा, खान्याचं जुनं बंदर, सामारियाची १६ किलोमीटरची घळ एवढ्यालाच आठवडा लागतो. ते पुढच्या खेपेला.

३. व्हिसा आणि पैसे

ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी करावा लागतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच उशीर होतो, तेव्हा दोन-तीन महिने हाताशी ठेवा. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालणारा हवा. बाकी कागद नेहमीचेच: बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरण, नोकरीचं पत्र, हॉटेलांचं आरक्षण. आणखी एखादा शेंगेन देश जोडणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री काढणार तिथे अर्ज करायचा.

कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. तरी खेड्यातल्या बससाठी, चर्चमधल्या मेणबत्तीसाठी आणि कोपऱ्यावरच्या टपरीसाठी शंभरेक युरो सुटे ठेवा. पर्यटकी भागातल्या एटीएमवर ‘रुपयांत हिशेब करू का?’ असं विचारलं जातं. तिथे नेहमी युरोच निवडा, नाहीतर दर फार वाईट लागतो. हॉटेलात आरक्षणाच्या रकमेखेरीज ‘हवामान शुल्क’ वेगळं द्यावं लागतं. हॉटेलच्या ताऱ्यांप्रमाणे ते हंगामात दर खोलीमागे रात्रीला २ ते १५ युरो असतं. ही फसवणूक नव्हे, सरकारी कर आहे. उगाच काउंटरवर हुज्जत घालू नका.

४. विमानात वाचायला: थोडा इतिहास

शाळेच्या पुस्तकात आपली गाडी सॉक्रेटिस, अलेक्झांडर इथे थांबते. म्हणून तो भाग झटकन. क्रीटवर मिनोअन आणि मुख्य भूमीवर मायसीनी या कांस्ययुगीन संस्कृती आधी होत्या. मग बऱ्याच काळानंतर नगरराज्यं उभी राहिली. क्लेइस्थेनीसने इ.स.पू. ५०८ च्या सुमारास अथेन्समध्ये लोकशाहीची घडी बसवली. इराणी फौजांना इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनला आणि ४८० मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत रोखलं. पुढच्या पन्नास वर्षांत पार्थेनॉन आणि शोकांतिका घडल्या, मग स्पार्टाशी सत्तावीस वर्षं युद्ध चाललं आणि अथेन्स हरलं. अलेक्झांडर इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरसाशी लढला ही गोष्ट आपल्याला पाठच आहे. त्याच्यामागून आलेला ग्रीकांचा संबंध मात्र आपल्या दाराशी आहे: कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब यवनांनी, म्हणजे त्या काळच्या बोलीत ग्रीकांनी, दान दिले, असं त्या खांबांवरच कोरलेलं आहे. जुन्नर आणि नाशिकच्या लेण्यांतही असे यवन दाते भेटतात.

इ.स.पू. १४६ मध्ये रोमनांनी कोरिंथ उद्ध्वस्त केलं आणि ग्रीस रोमच्या अमलाखाली गेला. इ.स. ३३० मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने राजधानी बोस्फोरसच्या काठी नेली आणि तिथे पुढे हजार वर्षं ग्रीक बोलणारं ख्रिस्ती साम्राज्य टिकलं. आजच्या ग्रीक माणसाचा धर्म, संगीत, सणवार, चर्चमधली सोनेरी चित्रं हे सगळं मुख्यतः या बायझंटाइन काळाचं देणं आहे, पार्थेनॉन उभारणाऱ्या पेरिक्लीसच्या काळाचं नव्हे. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल ऑटोमन सुलतानाने जिंकलं. त्यानंतर जवळजवळ चार शतकं बहुतेक ग्रीक भूमीवर तुर्की अंमल होता. १८२१ मध्ये उठाव झाला, त्याचा दिवस म्हणून २५ मार्च पाळतात. १८२७ मध्ये नाव्हारिनोच्या उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी ऑटोमन-इजिप्शियन ताफा बुडवला आणि १८३० मध्ये ग्रीस स्वतंत्र देश म्हणून मान्य झाला. त्याच सुमाराला, १८३३ मध्ये, दिमित्रिओस गालानोस हा अथेन्समध्ये जन्मलेला विद्वान काशीत वारला. तिथे त्याने आयुष्याची चाळीसेक वर्षं घालवली होती आणि भगवद्गीता ग्रीकमध्ये नेली होती.

आता एक तारीख मात्र पक्की लक्षात ठेवा: १९२२. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीक सैन्य आशिया मायनरमध्ये खोल घुसलं, तिथे तुर्कांनी त्याचा पुरता पराभव केला आणि स्मिर्ना, म्हणजे आजचं इझमीर, जळालं. १९२३ च्या करारात दोन्ही देशांनी धर्माच्या आधारावर माणसांची अदलाबदल केली. बारा लाखांच्या आसपास ख्रिस्ती लोक ग्रीसमध्ये आले, तर चार लाखांच्या आसपास मुसलमानांना ग्रीस सोडावं लागलं. फाळणी पाहिलेल्या आपल्या देशाला यातलं दुःख वेगळं सांगावं लागत नाही. अथेन्सची निआ स्मिर्नी, निआ इओनिया ही उपनगरं याच निर्वासितांनी वसवली. रेबेतिको नावाचं, बुझुकी या तंतुवाद्यावरचं दर्दभरं गाणं त्यांच्याच वस्त्यांतून पुढे आलं, आणि ग्रीक स्वयंपाकातले बरेचसे मसालेही.

पुढचं थोडक्यात. २८ ऑक्टोबर १९४० ला मुसोलिनीच्या अंतिम इशाऱ्याला ‘नाही’ म्हटलं, तो आज राष्ट्रीय सण आहे. १९४१ ते ४४ जर्मन ताबा आणि भयंकर भूकबळी, १९४६ ते ४९ यादवी, १९६७ ते ७४ लष्करी हुकूमशाही, १९८१ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश, आणि २०१० पासूनचं कर्जसंकट ज्याने पेन्शनी कापल्या आणि तरुण पिढी परदेशी पाठवली. टॅक्सीवाल्याशी राजकारण काढलंत तर गप्पा इथूनच सुरू होतील.

५. अथेन्स: पहिले दोन दिवस

विमानतळावरून मेट्रोची निळी मार्गिका सरळ शहराच्या मध्यात सिंताग्मा चौकात आणते. साधारण ४० मिनिटं लागतात. विमानतळाचं तिकीट शहरातल्या साध्या तिकिटापेक्षा बरंच महाग आहे, पण टॅक्सीपेक्षा पुष्कळ स्वस्त. रात्री उशिरा उतरलात तर एक्स ९५ क्रमांकाची बस चोवीस तास असते. मेट्रोत बॅग पुढे घ्या, विशेषतः मोनास्तिराकी आणि ओमोनिया स्थानकांच्या आसपास. खिसेकापू सराईत आहेत.

राहायला प्लाका, कुकाकी किंवा सिंताग्माचा परिसर बरा. संध्याकाळी संसदेसमोर दर तासाला पहारा बदलतो तो पाहा. एव्झोन सैनिकांच्या घागऱ्याला ४०० चुण्या असतात आणि त्या तुर्की अमलाच्या ४०० वर्षांसाठी आहेत असं सांगतात. पूर्ण बँडसकट मोठा समारंभ रविवारी सकाळी अकराला होतो.

अ‍ॅक्रोपोलिस दुसऱ्या दिवशी, सकाळी आठला. तिकीट ३० युरो आहे आणि ते प्रवेशाची वेळ निवडून आधी ऑनलाइन सरकारी संकेतस्थळावर काढायचं. दारावर जाऊन काढू म्हणालात तर हवी ती वेळ मिळेलच असं नाही. ६ मार्च, १८ एप्रिल, २८ ऑक्टोबर अशा काही ठरावीक दिवशी प्रवेश फुकट असतो आणि गर्दीही त्याच मापाने असते. मुख्य प्रवेशद्वार पश्चिमेला आहे, बसभरून येणारे गट तिथूनच चढतात. तुम्ही दक्षिणेच्या बाजूने, संग्रहालयाजवळच्या दाराने जा. त्या वाटेवर डायोनिससचं नाट्यगृह लागतं. सोफोक्लीस आणि युरिपिडीस यांची नाटकं प्रथम याच उतारावर झाली. पुढच्या रांगेतल्या संगमरवरी खुर्च्यांवर मानकऱ्यांची पदं कोरलेली अजून दिसतात.

बूट पकड असलेले घाला. अडीच हजार वर्षांच्या पावलांनी वरचा संगमरवर इतका गुळगुळीत झाला आहे की कोरड्या दिवशीही पाय सटकतो. उंच टाचांच्या चपलांना तर बंदीच आहे. वर सावली जवळजवळ नाही, पाण्याची बाटली भरून न्या. जिने झेपत नसतील तर व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी लिफ्ट आहे, आधी कळवून ठेवा.

पार्थेनॉनसमोर पोचल्यावर लगेच फोटो काढून निघू नका. हे मंदिर इ.स.पू. ४४७ ते ४३८ या नऊ वर्षांत उभं राहिलं. इक्तिनोस आणि कल्लिक्रातेस हे वास्तुविशारद, शिल्पकामावर फिडियासची देखरेख. दोरीजवळच्या कोपऱ्यात थोडं वाकून सगळ्यात वरच्या पायरीच्या कडेवर नजर ठेवा. कडा सरळ नाही! लांब बाजूला ती मधोमध सुमारे ११ सेंटिमीटर वर उचललेली आहे. खांब मध्ये किंचित फुगीर आहेत आणि आत कललेले आहेत. सरळ दिसावं म्हणून सगळं मुद्दाम वाकडं केलंय. मग दगडांचे रंग पाहा. मधाळ तुकडे जुने, पांढरेफटक नवे. दोन्ही पेंतेली डोंगरातलेच, पण जुन्या दगडातलं लोह हवेने पिवळसर झालं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दुरुस्तीत लोखंडी पट्ट्या वापरल्या, त्या गंजून फुगल्या आणि त्यांनी संगमरवरच फोडला. १९७५ पासून चाललेल्या कामात त्या काढून टायटॅनियमच्या बसवताहेत.

आणि इमारत अशी मधूनच उघडी का? ती काळाने झिजून पडलेली नाही. पार्थेनॉन आधी चर्च झालं, मग मशीद. १६८७ मध्ये तुर्कांनी त्यात दारूगोळा भरला होता आणि वेढा घालून बसलेल्या व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा नेमका त्यावर पडला. १८०१ नंतर लॉर्ड एल्गिनने उरलेल्या शिल्पांपैकी मोठा भाग उतरवून इंग्लंडला नेला आणि १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारला विकला. ती शिल्पं आजही ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पूर्वेच्या टोकाला झेंडा फडकतो तिथेही दोन मिनिटं थांबा. ३० मे १९४१ च्या रात्री मानोलिस ग्लेझोस आणि अपोस्तोलोस सांतास या दोन तरुणांनी वर चढून नाझी झेंडा इथून उतरवला.

खाली आल्यावर अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालय त्याच दिवशी करा. २००९ मध्ये उघडलेल्या या इमारतीचा सगळ्यात वरचा मजला पार्थेनॉनच्याच दिशेत फिरवून बांधला आहे आणि काचेतून टेकडीवरचं मंदिर दिसतं. शिल्पपट्टीतले पिवळसर तुकडे मूळ, पांढरे प्लास्टरचे म्हणजे लंडनमध्ये असलेल्यांच्या नकला. ‘आमची शिल्पं परत द्या’ असा वेगळा फलक लावून भांडायची गरजच ठेवलेली नाही. खालच्या मजल्यावर टेकडीवरच्याच एरेख्थिओन मंदिराच्या पाच स्तंभकन्या उभ्या आहेत आणि सहावीची जागा मोकळी सोडली आहे.

उरलेल्या वेळात प्राचीन अगोरा, म्हणजे जुना बाजारचौक, पाहा. तिथलं हेफेस्टसचं मंदिर पार्थेनॉनपेक्षा कितीतरी शाबूत आहे. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात ‘अगामेम्नॉनचा मुखवटा’ म्हणून ओळखला जाणारा सोन्याचा मुखवटा आणि अँटिकिथेरा यंत्र चुकवू नका. हे यंत्र म्हणजे बुडालेल्या जहाजातून वर काढलेली, ग्रहणं आणि चंद्र-सूर्याच्या गती मोजणारी कांस्याची दातेरी चक्रं.

६. शहराबाहेर एक दिवस

डेल्फी अथेन्सपासून सुमारे १८० किलोमीटरवर आहे, केटीईएल या एसटीसारख्या बससेवेने तीन तास. पार्नासोसच्या उतारावर अपोलोचं मंदिर, जिथे पिथिया नावाची पुजारीण कौल द्यायची आणि राजेरजवाडे तो घेऊन लढाया ठरवायचे. पण एकाच दिवसाची सवड असेल तर मी नाफ्प्लिओकडे झुकेन. वाटेत १८९३ मध्ये पूर्ण झालेला कोरिंथचा कालवा, मग मायसीनीचा सिंहद्वार, एपिदाव्रोसचं नाट्यगृह आणि संध्याकाळी नाफ्प्लिओच्या बंदरावर आइस्क्रीम. नवस्वतंत्र ग्रीसची राजधानी १८३४ पर्यंत इथे होती, नंतर ती अथेन्सला गेली. एपिदाव्रोसला गोल रंगभूमीच्या मध्यावरच्या दगडावर उभं राहून कुणीतरी टाळी वाजवतं, आणि ती अगदी वरच्या रांगेत ऐकू येते. एकाने वर चढायचं, एकाने खाली थांबायचं.

मेतेओरासाठी मात्र एक रात्र द्या. उभ्या सुळक्यांवरच्या सहा मठांत आजही साधू-साध्वी राहतात. स्त्रियांना पँट चालत नाही, गुडघ्याखाली पोचणारा घागरा लागतो. दारात कमरेला गुंडाळायचं कापड मिळतं.

७. बोट

पिरेअस हे अथेन्सचं बंदर. मेट्रोची निळी मार्गिका आता विमानतळापासून तिथपर्यंत जाते. बंदर अवाढव्य आहे, तेव्हा तिकिटावरचा गेट क्रमांक आदल्या रात्रीच नकाशावर पाहून ठेवा. बोटींचे दोन प्रकार. मोठी संथ बोट सांतोरिनीला आठेक तासांत पोचते, स्वस्त असते, मोकळ्या डेकवर बसता येतं आणि फारशी डुलत नाही. वेगवान बोट साधारण पाच तासांत नेते, पण बंदिस्त असते आणि लाटा उसळल्या की पोटात ढवळतं. आव्होमीन घेऊनही मी संथ बोटीचीच शिफारस करेन.

चढायचं मागच्या उघड्या तोंडातून, ट्रक आणि गाड्यांच्या बरोबरीने. आत शिरताच दोन्ही बाजूंना सामानाचे मांडण आणि त्यावर बेटांची नावं. आपल्या बेटाच्या मांडणावर बॅग टाकायची, पासपोर्ट-पैसे-औषधं जवळ ठेवून वर जायचं. आपलं बेट जवळ आल्याची घोषणा झाली की लगेच खाली गाड्यांच्या मजल्यावर या. बोट धक्क्याला लागायच्या आधीच मागचा लोखंडी दरवाजा खाली येऊ लागतो, इंजिनाचा आवाज, डिझेलचा वास आणि शिट्ट्यांमध्ये पाचेक मिनिटांत सगळे उतरतात. रेंगाळलात तर पुढच्या बेटावर!

उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा सुटतो. तो साधारण ८ बोफर्टच्या (वाऱ्याचा जोर मोजायचं माप) पुढे गेला की बोटींना बंदी होते. कधी संपही असतो. म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशी बेटावरून बोटीने येण्याचा बेत कधीही करू नका. शेवटची रात्र अथेन्समध्येच.

नाक्सोसला बंदरातच एक प्रचंड संगमरवरी चौकट उभी दिसते. इ.स.पू. सहाव्या शतकात सुरू होऊन कधीच पूर्ण न झालेल्या मंदिराचा तो दरवाजा. वाळूचे लांब किनारे, डोंगरात खाल्की आणि अपिरांथोस ही गावं, स्थानिक बटाटे आणि ग्राविएरा चीज. लहान मुलं बरोबर असतील तर याहून सोयीचं बेट शोधू नका.

सांतोरिनी महाग आणि गजबजलेलं आहे, तरी ज्वालामुखीच्या विवराची ती कडा एकदा पाहायलाच हवी. इ.स.पू. सोळाशेच्या आगेमागे झालेल्या उद्रेकाने बेटाचा मधला भाग समुद्रात गेला. त्या राखेखाली गाडलं गेलेलं आक्रोतिरी हे गाव आता छताखाली उत्खनित आहे, दोन-तीन मजली घरं आणि सांडपाण्याची व्यवस्था यांसकट. मावळतीला इया गावात खेटाखेटी करण्यापेक्षा सकाळी लवकर ‘फिरा’ या गावापासून इयापर्यंतची दहाएक किलोमीटरची कड्यावरची पायवाट चाला. आणि बंदरापासून फिरा गावापर्यंतच्या पायऱ्या गाढवावरून चढू नका. पाच-सहाशे पायऱ्या उन्हात माणसं वाहून त्या जनावरांचे हाल होतात, शेजारी केबल कार आहे.

८. काय खायचं

शाकाहारी मंडळींनी थेपल्यांचा डोंगर न्यायची गरज नाही. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवासाचे दिवस वर्षात इतके आहेत की मांस, अंडी आणि दूध वर्ज्य असलेल्या जेवणाची मोठी परंपराच तिथे तयार झाली आहे. अशा पदार्थाला ‘निस्तिसिमो’ म्हणतात. मेनूत किंवा बेकरीत हा शब्द शोधा. फक्त एक सावधगिरी: त्यांच्या उपवासाला ऑक्टोपस, माखूल आणि कोळंबी चालते. त्यामुळे ‘होरिस क्रेआस, होरिस प्सारी’, म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं म्हणा आणि कोळंबीचं वेगळं विचारा.

‘लादेरा’ हा ऑलिव्ह तेलात मंद शिजवलेल्या भाज्यांचा वर्ग आपल्या जिभेला लगेच जमतो. फासोलाकिया म्हणजे टोमॅटोतल्या फरसबी, बामिएस म्हणजे भेंडी, ब्रिआम म्हणजे बटाटा-वांगी-झुकिनीचं ओव्हनमधलं मिश्रण, यिगांतेस म्हणजे भल्यामोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची उसळ. सांतोरिनीचा ‘फावा’ दिसायला आणि चवीला घट्ट वरण, वर कच्चा कांदा, लिंबू आणि तेलाची धार. ‘खोर्ता’ म्हणजे उकडलेल्या रानभाज्या. ‘येमिस्ता’ हे भात भरलेले टोमॅटो-मिरच्या, पण आत कधी खिमा असतो, तेव्हा विचारून घ्या. सकाळी पालक-चीजची स्पानाकोपिता किंवा तिळाचं कुलुरी कडं हातात घेऊन चालायचं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची मात्र पंचाईत होते. त्यांनी घर भाड्याने घेऊन बाजारातून भाजी आणणं उत्तम.

मांसाहारींना सुवलाकी म्हणजे सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे, पाइदाकिया म्हणजे निखाऱ्यावरच्या कोकराच्या चापा आणि बंदरावरचा ताजा मासा. मासा बहुधा किलोच्या दराने असतो. काटा समोर करायला सांगा, नाहीतर बिल पाहून घास अडकेल.

जेवायची वेळ रात्री नऊनंतर. संध्याकाळी सातला तुडुंब भरलेलं दिसलं तर ते पर्यटकांसाठीचं ठिकाण समजा. पदार्थ मधोमध ठेवून सगळ्यांनी वाटून खायचे, त्यामुळे चौघांत पाच पदार्थ पुरतात. पाव न मागता येतो आणि त्याचे पैसे लागतात. बिल मागितल्याशिवाय आणत नाहीत, तासभर बसलात तरी कुणी उठवणार नाही. कॉफीचंही तसंच. उन्हाळ्यात ‘फ्रेदो एस्प्रेसो’ ही बर्फ घातलेली गार कॉफी मागवा. ग्रीक कॉफी मागताना साखरेचं प्रमाण सांगावं लागतं: बिनसाखरेची ‘स्केतो’, मध्यम ‘मेत्रिओ’, गोड ‘ग्लिको’. तळाचा गाळ प्यायचा नाही.

९. वागण्या-बोलण्यातल्या गोष्टी

‘ने’ म्हणजे होय, ‘ओखी’ म्हणजे नाही. मान वर करून जिभेने ‘च्’ केलं तर तेही नाहीच. पाची बोटं पसरून तळहात समोरच्याकडे करू नका. ती तिथे शिवी आहे, आणि आपण ‘पाच द्या’ किंवा ‘थांबा’ म्हणताना नेमकं तेच करतो. पाच दाखवायचे तर तळहात आपल्याकडे वळवा. दुकानात शिरताना ‘कालिमेरा’, दुपारनंतर ‘कालिस्पेरा’, निघताना ‘एफ्खारिस्तो’ (धन्यवाद) म्हटलं की समोरचा चेहरा खुलतो.

दुपारी तीन ते साडेपाच ही विश्रांतीची वेळ. गावांत दुकानं बंद असतात आणि शेजाऱ्यांना गोंगाट खपत नाही. रविवारीही बहुतेक दुकानं बंद. चौकातल्या ‘पेरिप्तेरो’ टपरीवर पाणी, बिस्किटं, सिमकार्ड मिळतं. अथेन्सचं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, छोट्या बेटांवर बाटलीचं घ्या. स्वच्छतागृहात कागद कमोडमध्ये न टाकता शेजारच्या डब्यात टाकायचा, कारण पाइप अरुंद आहेत. जेट स्प्रे बहुतेक ठिकाणी नाही, तेव्हा छोटी बाटली जवळ बाळगा. अडचणीत ११२ फिरवा.

परतताना एजिनाचे पिस्ते, थाइमचा मध, ओरेगॅनोची जुडी आणि ऑलिव्ह तेलाचा सीलबंद डबा आणा. तेल चेक-इन सामानात टाका, केबिनमध्ये काढून घेतील. पुरातत्त्वस्थळावरचा दगड किंवा खापराचा तुकडा, कितीही क्षुल्लक दिसला तरी, उचलू नका. तो गुन्हा आहे.